चोपदार कुणाचा?

रोहा
१५ जून २०२५

प्रिय गिरजा,

तुझ्या कानातलं मशीन फोनवर शिट्ट्या मारतं म्हणून पत्रच लिहितो. तुला ते मशीन नको असेल तर तुझ्या लेकाला, हरेशला, माझ्याकडे द्यायला सांग. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला घालून बसेन म्हणतो, काहीच ऐकू येणार नाही.

दोन कामं आहेत. पहिलं सोपं. आमचा गणपती एकेचाळीस वर्षं तुमच्या कारखान्यातून सिंहासनावर बसून येतो, मागे छत्र असतं. यंदा त्याला साध्या पाटावर बसव. सिंहासन नको, छत्र नको. दागिने तूच रंगव, सुनेकडे देऊ नकोस.

दुसरं काम अवघड आहे. यंदाच्या दसऱ्याला चिरेकोंडला दरबार भरवायचा नाही, असं मी ठरवलंय. दरबार म्हणजे काय ते तुला ठाऊकच आहे. आमच्या पडलेल्या घराचा चौथरा, त्यावर मंडपवाल्याची प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर चादर आणि चादरीवर मी. खाली बेचाळीस पायऱ्या. त्या चढत तुझा भाऊ काळुराम चांदीची काठी घेऊन येणार आणि "साडेतीन गावांचे धनी, राजे हैबतराव" अशी ललकारी देणार. अगं, साडेतीन गावं कधीच सरकारजमा झाली. पदव्या बंद झाल्या तेव्हा मी अकरावीत होतो. पुढे तेहतीस वर्षं मी धाटावला कंपनीच्या स्टोअरमध्ये ड्रम मोजले. "राजे, उद्या सेकंड शिफ्टला येता का?" असं सुपरवायझर विचारायचा आणि राजे डबा घेऊन जायचे.

गेल्या दसऱ्याला काळुराम पायरीवर पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस तो. आता पुरे झालं. पण त्याच्यासमोर हे बोलायची माझी छाती होत नाही. तू त्याची धाकटी बहीण, तुझं तो ऐकतो. तू सांग.

आई आजारी होती तेव्हा तुझ्या आईने एका मांडीवर तुला आणि एका मांडीवर मला घेऊन पाजलं. त्या नात्याने मागतोय, एवढं कर.

तुझा,
हैबत


पेण
२४ जून २०२५

श्रीमंत राजेसाहेबांना गिरजाचा दंडवत.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पयल्यांदा वाटलं माझा चष्मा चुकला, दुसऱ्यांदा कळलं तुमचंच डोकं चुकलंय. रागावू नका, पण माझी जीभ अशीच हाय आणि तुमाला ती लहानपणापासून माहीत हाय.

आधी सांगा, साखर वाढलीय का? मृणालीताई काय बोलली का तुमाला? पोरगी बापाच्या भल्याचंच बघते, पण तिला सगळंच जुनं ते टाकाऊ वाटतं. चांगला माणूस एकाएकी गणपतीचं सिंहासन काढा बोलतो म्हंजे आमी काय समजायचं? हरेश बोलला, "आई, राजेसाहेब काटकसर करत असतील." त्याला मी गप केला. पण चार दिवस मलाही घोर लागला.

आता दादाचं. मी त्याला कायपण सांगणार नाय. राणीसाहेबांनी मला चुलीपुढं बसवून बाराखडी शिकवली ती असलं लिवायला नाय शिकवली.

सरकारनं पदव्या काढल्या तेव्हाचं आठवतं का? तुमचे वडील माझ्या बाबाला बोलले, "धर्मा, आता ललकारी नको, कायदा झाला." बाबानं काठी पुसत पुसत जबाब दिला, "धनी, सरकारनं तुमचं काढलं. माझं काढल्याचा कागद नाय आला." आणि त्या दसऱ्याला अशी ललकारी दिली की खांब गावापर्यंत ऐकू गेली, असं लोक अजून सांगतात.

सीतावैनी सांगत होती, दादा वॉकर घेऊन अंगणात फेऱ्या मारतो. पावलं मोजतो. बेचाळीस झाली की ओट्यावर बसतो आणि ललकारी घोकतो, शाळेतल्या पोरासारखी. गावात त्याला काळुराम कोण बोलतं? रेशनवर चोपदार, बँकेत चोपदार, लग्नाच्या पत्रिकेवर चोपदार. तुमी राजेपण टाकलंत तर तुमचं काय अडतंय? तुमाला फ्लॅट हाय, पेन्शन हाय, शिकलेली लेक हाय. माझा दादा मग चोपदार कुणाचा?

याचा विचार करा आणि मग मला लिवा. गणपती सिंहासनावरच बसणार.

तुमची,
गिरजा


रोहा
५ जुलै २०२५

प्रिय गिरजा,

साखर ठीक आहे. मृणालीने तुझं पत्र वाचलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला असं कुणीतरी बोलायलाच हवं होतं." म्हणजे तुम्ही दोघी एक झालात.

काळुराम चोपदार कुणाचा, हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. खरंच सांगतो. बाहत्तर वर्षं मला वाटत होतं की राजेपण एकट्या माझं आहे, ठेवलं काय नि टाकलं काय. लाज वाटली.

परवा खांबपर्यंत शेअरच्या मिनीडोर रिक्षाने गेलो आणि पुढे चालत चिरेकोंडला. काळुराम ओट्यावर होता. मला बघून उठायला लागला. मी "बस बस" म्हणेपर्यंत वॉकर धरून उभासुद्धा राहिला. मग मी बसेपर्यंत तो बसेना आणि तो बसेपर्यंत मला बसवेना. दोन म्हातारे ओट्यावर ताटकळत उभे. शेवटी सीताबाई आतून ओरडली, "दोघंपण बसा गो बाई, चहा निवतोय!" तेव्हा बसलो.

दसऱ्याचा विषय काढायचा म्हणून तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "राजे, यंदा पायऱ्या मी एकटा चढणार. कुणी धरायचं नाय." मी चहा पिऊन परत आलो.

आणखी एक सांगायचंय. पहिल्या पत्रात लिहिता आलं नाही. गावात तुला सगळ्यांनी सांगितलं असेल की काळुराम पडला तेव्हा राजे धावले. ते खोटं आहे गिरजा. तो पडला तेव्हा ललकारी अर्ध्यावर होती. आणि ललकारी पुरी होईपर्यंत राजाने जागेवरून हलायचं नाही, ही रीत. तुझा भाऊ पायरीवर आडवा पडला होता, पाय वेडावाकडा झाला होता, आणि तशा अवस्थेत तो उरलेली ललकारी म्हणत होता. माझ्या बापाचं नाव, आजोबाचं नाव, पणजोबाचं नाव. आणि मी खुर्चीत बसून होतो. पोरं धावली. मी शेवटचं नाव होईपर्यंत हललो नाही. मग उठलो.

म्हणून दरबार बंद करायचा होता.

हैबत


पेण
१९ जुलै २०२५

श्रीमंत राजेसाहेबांना दंडवत.

मला ते पयल्या दिवसापासून माहीत हाय. दवाखान्यात दादानंच सांगितलं. आणि कसं सांगितलं माहीत हाय? छाती फुगवून! "गिरजे, मी पडलो पण ललकारी सोडली नाय, आणि राजेपण हलले नाय गो." शेजारच्या खाटेवरच्या माणसालापण दोनदा सांगितलं.

दादाला अभिमान वाटला, पण मला नाय वाटला. मी तिथं असते तर तुमाला खुर्चीसकट उचलून खाली आणलं असतं. नऊ महिने मी तुमच्यावर रागावलेली होते. संक्रांतीला पापड आले नाय ते त्याच्यामुळंच. पोस्टाचं कारण खोटं होतं.

तुमी लिवलंत म्हणून आता राग गेला. सगळा नाय गेला, पण बराच गेला. खरं बोलायला तुमाला नऊ महिने लागले, तरी बोललात.

कारखान्यात मान वर करायला फुरसत नाय. निम्म्या मूर्ती ओल्या हायत, मुंबईवाले रोज फोन करतात. तुमच्या गणपतीच्या डोळ्यांची आखणी मी माझ्या हातानं करीन. हात अजून कापत नाय माझा, चहाचा कप धरताना कापतो ते वेगळं.

पापडाचा डबा सोबत पाठवते.

गिरजा


रोहा
३ सप्टेंबर २०२५

प्रिय गिरजा,

गणपतीचं विसर्जन काल झालं. मूर्ती आली आणि वरचा कागद सोडवला तेव्हा मृणाली आणि मी बघतच राहिलो. पाटावर, मांडी घालून, जेवायला बसल्यासारखा! आणि डोळे असे, की आता "आमटी वाढ" म्हणेल. सोबत वेगळं खोकं, त्यात सिंहासन, आणि तुझ्या अक्षरात चिठ्ठी: "लागलं तर लावा." नाही लागलं. खोकं बांधलेलं तसंच माळ्यावर आहे. तू ऐकलंस माझं, आणि ऐकलं नाही असंही दाखवलंस. हे तुलाच जमतं.

पापड संपले. हे तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून लिहितो.

आता एक माहिती मला हवी आहे. तुझ्या वडिलांचं नाव धर्मा. त्यांच्या वडिलांचं काय? त्यांच्याही वडिलांचं? जेवढी मागची नावं सापडतील तेवढी मला कळव. काळुरामला विचारू नकोस, आणि मी विचारलं हेही त्याला सांगू नकोस. कशाला हवीत ते आता विचारू नकोस.

हैबत


पेण
१४ सप्टेंबर २०२५

श्रीमंत राजेसाहेबांना दंडवत.

कशाला हवीत ते विचारू नको बोललात, म्हणून विचारत नाय. पण मला कळतं. चौथऱ्याची जागा दादाच्या नावावर करायचं तुमच्या मनात हाय. म्हंजे दरबाराला जागाच उरणार नाय, आणि वर उपकार केल्यासारखं दिसेल. तसं असेल तर सरळ सांगते, दादा घेणार नाय आणि मी घेऊ देणार नाय. त्या जागेवर मृणालीताईचा हक्क हाय.

नावं मात्र शोधली. तुमी मागितली म्हणून शोधायला बसले आणि माझंच मला वाईट वाटलं. बाबा धर्मा. आजा सखाराम. आज्याचा बाप? मला येईना. हरेशला येईना, तो तर आजा पण विसरला. चुलतभावाला फोन लावला, तो बोलला, "त्यांना चोपदार बोलायचे." अरे, पण नाव काय? "चोपदारच." घरातसुद्धा त्याची बायको "चोपदार जेवले का" असं विचारायची म्हणे. तुमच्या नऊ पिढ्या माझा दादा एका दमात बोलतो आणि स्वताच्या आज्याचा बाप त्याला माहीत नाय. कधी विचारलंपण नाय आमी कुणी.

मग मी हरेशला निडीला पाठवला. तिथं आमची बायजा आत्या हाय, त्र्याण्णव वर्सांची. तिला दात नाय, दिसत नाय, पण डोकं ठणठणीत. हरेशनं विचारल्यावर ती लगेच बोलली, "मोरू. माझ्या आज्याचं नाव मोरू. लय मोठा आवाज होता त्याचा, बैल बुजायचे." त्याच्या मागं तिलापण माहीत नाय.

म्हंजे काळुराम, धर्मा, सखाराम, मोरू. एवढीच हायत. कागदावर लिवलं तर एक ओळपण भरत नाय.

सूनबाईचे, प्रतिक्षाचे दिवस भरत आलेत, त्यामुळं दसऱ्याला मी चिरेकोंडला येऊ शकणार नाय. दादाला पायऱ्या चढू देऊ नका. कसं ते मला माहीत नाय, पण देऊ नका. आणि त्याचं मन मोडू नका. दोन्ही करा. राजे हाय ना तुमी?

गिरजा


रोहा
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय गिरजा,

दोन्ही केलं. सगळं नीट लिहितो, तू तिथे नव्हतीस म्हणून.

काल सकाळी आठच्या आतच चिरेकोंडला पोचलो. चौथऱ्यावर गेलोच नाही. पोरांना सांगून खुर्ची आणि चादर खाली आणवली आणि थेट काळुरामच्या अंगणात मांडली. काळुराम तयार होऊन बसला होता. पांढरा सदरा, लाल फेटा, आणि चांदीची काठी वॉकरला सुतळीने बांधलेली! ते बघून मला हसूही आलं आणि डोळ्यात पाणीही आलं.

मी म्हटलं, "काळुराम, काठी दे."

तो म्हणाला, "राजे, चोपदाराबिगर काठी कोण धरत नाय."

मी म्हटलं, "हुकूम आहे." गिरजा, बाहत्तर वर्षांत मी कुणाला हुकूम केला नव्हता. घरात मृणाली ऐकत नाही, कंपनीत शिपाई ऐकत नव्हता. काल पहिला केला. त्याने सुतळी सोडली. मला वाटलं आता रडेल. त्याला वाटलं असणार की मी त्याच्याकडून काठी काढून घेतोय.

मग मी म्हटलं, "आता खुर्चीवर बस."

"मी? राजे, खुळे झाला का?" गाव गोळा झालं होतं. शेवटी सीताबाईने त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "बसा गुमान. आयुष्यभर त्यांचं ऐकलंत, आजपण ऐका." तो बसला. अगदी कडेवर, चादर चुरगळेल म्हणून.

मी चार पावलं मागे गेलो. काठी तीनदा आपटली. आणि गिरजा, मी ललकारी दिली. माझा आवाज म्हणजे तुला ठाऊकच आहे, स्टोअरमधून माल सांगितल्यासारखा. पण दिली. "आस्ते कदम! नजर खाली! काळुराम धर्मा, धर्मा सखाराम, सखाराम मोरू! चार पिढ्यांच्या ललकारीचे धनी, चिरेकोंडचे चोपदार, काळुरामबुवा बसले आहेत हो!" मोरूच्या आधी दम घ्यायला जरा थांबलो. मग पुरी केली. आणि तीन मुजरे केले. गुडघे कडकड वाजले, ते गावानेही ऐकले असतील.

सगळा वेळ काळुराम हलला नाही. डोळ्यातून पाणी गालावर आलं तरी हात वर नेला नाही. ललकारी पुरी होईपर्यंत बसलेल्याने हलायचं नाही, हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक. शेवटचा मुजरा झाला तेव्हा त्याने फेट्याच्या शेमल्याने तोंड पुसलं.

मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल. तो म्हणाला, "काठी जोरात आपटायची. आणि नावाच्या मधी दम नाय घ्यायचा राजे, दम आधीच भरून ठेवायचा."

मग फेटा नीट केला. आणि हळूच विचारलं, "मोरू कोण?"

"तुझ्या आजोबांचे वडील," मी म्हटलं. "निडीच्या बायजाआत्याने सांगितलं. त्यांच्या आवाजाने बैल बुजायचे."

तो सीताबाईकडे वळला. "ऐकलंस गो? मोरू." पुन्हा म्हणाला, "मोरू." लहान मूल नवीन शब्द घोळवतं ना, तसं. मग गावाने त्याला आधी सोनं दिलं, माझा नंबर नंतर लागला. पायऱ्या कुणीच चढलं नाही.

काठी मी त्याच्या दारामागे त्याच्या जागेवर ठेवून आलो. त्याने बजावलंय, पुढच्या दसऱ्याच्या आधी एक महिना रोज नाही तरी दर रविवारी शिकायला यायचं. "तुमचा आवाज गळ्यातून येतो, तो पोटातून काढायचा हाय." म्हणजे आता मला क्लास लागला आहे.

प्रतिक्षा कशी आहे?

हैबत


पेण
११ ऑक्टोबर २०२५

हैबत,

मुलगी झाली. दसऱ्याच्याच दिवशी, दुपारी. आवाज असा हाय की नर्स बोलली, ही कुणाच्या घरची? हरेश बोलला, चोपदारांची.

पत्राच्या वर काय लिवलंय ते बघून दचकू नको. चार वेळा लिवलं, तीन वेळा खोडलं. हात सवयीनं श्रीमंत लिवायला जातो. पण तुझं पत्र वाचून मी प्रतिक्षाच्या खाटेशी बसून इतकी रडले की तिला वाटलं बाळाला काय झालं.

दादाशी हरेशनं फोनवर बोलणं करून दिलं. तो ऐकून मला सांगत होता. दादा काय बोलला ते तुला कळायला हवं. बोलला, "गिरजे, मला दोन वर्सांपासून पायऱ्या झेपत नव्हत्या. मी कधीच थांबलो असतो. पण राजांना दुसरं कोण हाय गो? मी नाय गेलो तर एकटेच त्या खुर्चीवर बसतील." बघ आता. तू त्याच्यासाठी बसत होतास आणि तो तुझ्यासाठी चढत होता. एकानं तरी तोंड उघडायचं होतं. दोघांच्या मधे मी एक बहिरी, मलाच सगळं ऐकावं लागलं.

आता माझं ऐक. ती काठी आमच्या घरात मोरूनं धरली, सखारामनं धरली, बाबानं धरली, दादानं धरली. आमच्या घराबाहेरच्या माणसानं ती कधी उचलली नाय. काल दादा बोलला, पाचवं नाव हैबत. मी बोलले, मला आधीच माहीत हाय.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाय. माझ्या आईचं दूध आपण दोघं प्यालो, पण राजाला दाईच्या पोरीनं ओवाळायचं अशी रीत नव्हती. भाऊबीजेला मी दादाला ओवाळायचे आणि मग ताट घेऊन परसात जाऊन चंद्राला ओवाळायचे. सासू विचारायची, "सख्खा भाऊ हाय ना तुला, मग चंद्राला कशाला?" मी बोलायचे, सवय हाय. पन्नास वर्सांहून जास्त मी चंद्राला ओवाळलं. तो चंद्र तू होतास.

भाऊबीजेला, तेवीस तारखेला ये. रेल्वेनं ये, वडखळला गाड्या अडकतात. दादापण येणार हाय, हरेश त्याला गाडीतून आणतो. जेवायला वालाचं बिरडं करते. मृणालीला घेऊन ये.

सिंहासन माळ्यावरच राहू दे. मी दोन पाट धुऊन ठेवलेत.

तुझी बहीण,
गिरजा